कुलूप लागलंय, तरी मन म्हणतं 'नक्की?'

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीचा, वय 36, मारुती चौकाजवळ माझं छोटं हार्डवेअरचं दुकान आहे, राहायला विश्रामबागला. रात्री नऊला शटर ओढलं की माझं सुरू होतं. आधी कुलूप तीनदा ओढून बघायचो, आता नऊदा ओढतो, मध्ये मोजायला चुकलो की परत पहिल्यापासनं. तरी पुष्पराज चौकापर्यंत आलो की वाटतं राहिलंच असणार, आणि गाडी वळवतो. मोबाईलवर कुलपाचे फोटो काढायला लागलो तर आता शंका येते की हा फोटो आजचा का कालचा. मग बायकोला व्हिडिओ कॉल लावून कुलूप दाखवतो आणि घरी गेल्यावर तिलाच विचारत बसतो, "बघितलंस न्हवं तू, लागलं होतं न्हवं?" जेवायला अकरा वाजतात. हे एकवेळ चाललं असतं, पण दुसरी गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. बहीण सांगलवाडीला असते. दिवाळीत चार वर्षांच्या लेकीला गाडीवर पुढं उभी करून आयर्विन पुलावरनं चाललो होतो आणि डोक्यात आलं, हिला आत्ता नदीत टाकली तर? दरदरून घाम फुटला. तेव्हापासनं तिला घेऊन पुलावर गेलो नाही, उचलून पण घेत नाही. मी राक्षस आहे का? व्हिडिओ बघून मनगटाला रबरबँड, प्राणायाम, जप सगळं करून झालं. गोळ्यांशिवाय काही चांगला उपाय असला तर सांगा. नाव छापू नका.

उत्तर : दादा, कुलपाचं नंतर बघू, आधी लेकीचं बोलू, कारण पत्रात तुम्ही ते शेवटी लिहिलंय पण उरावर तेच बसलंय हे कळतंय. तुम्ही राक्षस नाही. असले नकोसे विचार जवळजवळ सगळ्यांनाच येतात, गच्चीच्या कठड्याशी उभं राहिल्यावर, हातात सुरी असताना, तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना. 1978 साली लंडनमध्ये रॅकमन आणि डिसिल्वा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही आजार नसलेल्या लोकांना हेच विचारलं होतं, तर बहुतेकांनी सांगितलं की हो, येतात. फरक एवढाच की बाकीची माणसं "काय पण डोक्यात येतं" म्हणून पुढं जातात आणि तुम्ही त्या विचाराला पुरावा समजलात. लेक जीव की प्राण आहे म्हणूनच तो विचार एवढा टोचला. हा आजार नेमका तिथंच धरतो, देवभोळ्या माणसाला गाभाऱ्यात देवाबद्दल घाण शब्द सुचतात आणि तो मग देवळात जायचंच सोडतो. ज्याला असल्या विचाराचा घाम फुटतो तो विचार त्याची इच्छा नसतो. (कानात आवाज येऊन कुणी हुकूम देत असेल, किंवा स्वतःचा जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र ते वेगळं, तेव्हा एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठायचा.)

नको तो विचार परत परत येणं आणि तो घालवायला तेच तेच करत राहणं, तुमचं कुलूप काय नि पूल काय, याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. तुम्हाला तो आहे हे पत्रावरनं मी ठरवणार नाही, ते डॉक्टर समोर बसवून ठरवतील, पण रोजचा तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल तर दाखवायलाच पाहिजे, आणि तुमचा दोन तास जातोय.

आता हे चालतं कसं ते बघा. नायट्याची खाज असते ना, खाजवलं की दोन मिनिटं किती बरं वाटतं आणि मग दुप्पट सुटते, वर नायटा पसरतो तो वेगळाच. कुलूप ओढणं म्हणजे खाजवणं. फोटो काढणं, व्हिडिओ कॉल, बायकोला विचारणं, लेकीला न उचलणं, पूल टाळणं, हे पण सगळं खाजवणंच. दर वेळी मनाला निरोप जातो की बघ, धोका होता, आपण तपासलं म्हणून वाचलो. म्हणूनच तिनाचे नऊ झाले. रबरबँड काढून टाका, विचार आला की स्वतःला फटका मारायचा याने विचार जात नाही, उलट त्याची वाट बघायची सवय लागते. प्राणायाम वाईट नाही, जपही वाईट नाही, श्रद्धेने करत असाल तर जरूर करा, पण वाईट विचार आला म्हणून तो पुसायला ठराविक वेळा जप केला तर तो पण नववा झटकाच झाला की.

खरा उपाय उलटा आहे आणि तो गोळ्यांशिवायचाच आहे, म्हणजे भीतीच्या समोर जायचं आणि खाजवायचं नाही. 1966 मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात व्हिक्टर मायर यांनी दोन पेशंटवर हे पहिल्यांदा केलं, तोपर्यंत हा आजार बरा होत नाही असंच धरून चालायचे, आणि आज जगभर ओसीडीवर बोलून करायच्या उपचारात हाच पहिला धरतात. सोपा वाटतो पण अवघड आहे, त्यामुळे शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाबरोबर केलेला बरा. तुमच्या बाबतीत साधारण असं जाईल. पहिला आठवडा फक्त फोटो बंद, बाकी चालू द्या. मग व्हिडिओ कॉल बंद. मग नवाचे पाच, पाचाचे दोन, आणि शेवटी एकदाच कुलूप लावायचं, किल्ली खिशात, पाठ फिरवायची. पुष्पराज चौकात छातीत धडधडणार, हे धरूनच चाला. तिथं मनाला "लागलंय रे लागलंय" अशी समजूत घालायची नाही. म्हणायचं, "लागलं असेल, नसेलही, बघू सकाळी", आणि गाडी तशीच विश्रामबागकडं. हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना जीव नको होतो, पण सगळा उपचार याच्यातच आहे. धडधड चढते आणि बऱ्याचदा आपोआप उतरते, एखाद्या दिवशी नाही उतरली तरी तेवढं सोसता येतं हे तुम्हाला कळतं. लेकीचं पण तसंच, आधी घरात उचलून घ्या, मग आमराईत फिरवा, मग घाटावर पायऱ्यांवर बसा दोघं, आणि पूल सगळ्यात शेवटी, घाई नको.

वहिनींनाही यात घ्यायला लागेल. त्या बिचाऱ्या "लावलंय की ओ" म्हणतात ते तुमच्या मायेनेच, पण ते उत्तर आजाराच्या पोटात जातं. एखाद्या रविवारी निवांत बसून दोघांनी ठरवा की विचारलंत तर त्या म्हणतील, "हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही, ताट वाढलंय." आधी ठरवूनच करा, न सांगता एकदम उत्तर देणं बंद केलं तर घरात भांडणच होईल. पुलाचं पण सांगा त्यांना, मुद्दा नीट समजावून सांगा, एकट्याने वाहू नका.

गोळ्यांना एवढं भिऊ नका मात्र. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन असली औषधं यात देतात, ती झोपेची गोळी नव्हे, व्यसन लागत नाही. पण डिप्रेशनपेक्षा इथं डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि नीट फरक कळायला आठ ते बारा आठवडे जातात, लोक तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं. बरं वाटलं तरी मनाने एकदम बंद करायची नाहीत. आपल्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि जायचं. जायचा धीर होत नसेल तर 14416 ला फोन लावा, सरकारची टेलिमानस सेवा, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात. आणि झोप सांभाळा, जागरण झालं की दुसऱ्या दिवशी शंका जोरात येतात.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला आहे, मिरजेत. दिवसाला एक साबणाची वडी संपवते, हात फाटलेत. मी बाथरूमचा नळच बंद करून टाकू का? तिचे वडील म्हणतात, वय आहे, जाईल.

उत्तर : नळ बंद करू नका ताई, ती शेजारी जाऊन धुवेल आणि तुमच्यापासनं लपवेल. हे हात धुणं पण वर सांगितलेल्या ओसीडीतलं असू शकतं, आणि हा आजार लहान वयात, कॉलेजच्या आसपास सुरू होताना खूप दिसतो, त्यामुळे वय आहे म्हणून थांबू नका. आमच्या घरचं सांगते, 2019 च्या पुरानंतर माझ्या मामीने गाळ काढून घर धुतलं ते धूतच राहिली, भांडी फिनेलच्या पाण्यात बुडवायची, बोटांच्या भेगांत भाजीची हळद जाऊन पिवळ्या रेघा पडलेल्या असायच्या, आणि आम्ही सगळे "मामीची स्वच्छता म्हणजे काय" म्हणून कौतुक करत होतो. दीड वर्ष तिचं तसंच गेलं. तुम्ही हात फाटलेले बघितलेत, आता तिला ओरडू नका, "तुला त्रास होतोय ना, मला दिसतंय" एवढंच म्हणा आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. वडिलांनाही बरोबर न्या. तोवर जास्तीचा साबण, वेगळा टॉवेल, दाराची कडी तिच्यासाठी तुम्ही उघडून देणं, यातलं नवीन काही वाढवू नका.