भुसावळच्या ताई, दूध सोडायच्या आधी गोळीचं आणि भाकरीचं बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टर ४९ वर्षांचे, रेल्वेत शिफ्ट ड्युटी, वजन ८४, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.६, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ. पुण्यातली लेक म्हणते पप्पांना व्हीगन करा, म्हणजे दूध-अंडं-मांस असं जनावराचं काहीच नको, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील, सासूबाई माळकरी, त्या म्हणतात दूध-ताक पण काढलं तर अंगात राहील काय, आणि तुम्ही विचारताय की आपल्या खान्देशात मग खायचं तरी काय.

मी अमळनेरची. शुगर निघाली त्याला ११ वर्षं झाली, दूध-दही-तूप सोडलं त्याला ६. सोडलं तेव्हा एचबीएवनसी ८.१ होती, गेली दोन वर्षं ६.६ ते ६.९ च्या मधे आहे. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली, मेटफॉर्मिन अजून चालू आहे आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. म्हणजे लेकीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही पण जेवढं ती सांगते तेवढं सोपं पण नाही, आणि एका गोष्टीत ते धोक्याचं आहे, म्हणून त्या धोक्यापासूनच सुरू करते.

मी सुरुवात केली ती कुणाला न विचारता. दूध प्यायचं बंद, बिस्किट बंद, दोन भाकरींच्या जागी अर्धी, आणि गोळी मात्र होती तशीच. पाचव्या दिवशी दुपारी अंगणात भरताची वांगी भाजत होते, कपाशीच्या काड्यांचा जाळ होता, वांगं उलटायला चिमटा धरला तर चिमट्याची दोन्ही टोकं एकमेकांवर वाजायला लागली एवढा हात थरथरत होता. घामाने पाठ ओली. मला वाटलं जाळाजवळ बसलेय म्हणून घाम. सुनेने तोंडाकडे बघितलं आणि मशीन आणलं, शुगर ५४. तिने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, १५ मिनिटांनी परत बघितलं तर ७८, मग अर्धी भाकरी खाल्ली तेव्हा डोळ्यापुढचं नीट झालं. वांगी जळून कोळसा झाली होती.

हे का होतं ते समजून घ्या. मेटफॉर्मिन एकटी असली तर सहसा शुगर इतकी खाली नेत नाही. पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. जेवणातली भाकरी एकदम कमी केली आणि गोळी तेवढीच ठेवली की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. मिस्टर रुळावर काम करतात की ऑफिसात ते तुम्ही लिहिलं नाही, पण रुळावर असतील, रात्रपाळीत असतील, तर हा विषय किती गंभीर आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून जेवण बदलायच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की आम्ही भाकरी-पोळी निम्मी करणार आहोत, गोळीचं काय करू. डोस तेच ठरवतील, तुम्ही-आम्ही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना पण हेच लागू, आणि टाईप वन, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्याने तर इन्सुलिन सोडायचा विचार कुठल्याच जेवणाच्या भरवशावर करू नये. पुढेमागे डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी सुरू झाली तर उपास आणि भाकरी एकदम बंद करणं टाळा, त्यात रक्तातले कीटोन (साखरेऐवजी चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढायचा धोका असतो, आणि भुसावळच्या मे महिन्यात अंगातलं पाणी आटलं की तो अजून वाढतो.

आता लेकीने जे वाचलंय ते बहुतेक डॉ. नील बर्नार्ड यांच्या अभ्यासावरून असणार. अमेरिकेत २००६ साली छापून आला. टाईप टू वाले ९९ लोक, २२ आठवडे, निम्म्यांना कमी तेलाचं व्हीगन जेवण आणि निम्म्यांना तिथल्या डायबिटीस असोसिएशनचं नेहमीचं पथ्य. व्हीगनवाल्यांची एचबीएवनसी ०.९६ ने उतरली, दुसऱ्यांची ०.५६ ने, आणि ज्यांच्या गोळ्या मधे बदलल्या नाहीत त्यांच्यात फरक जास्त दिसला, १.२३ आणि ०.३८. गोळ्या कमी झाल्या त्या व्हीगनमधल्या ४३ टक्क्यांच्या आणि दुसऱ्या गटातल्या २६ टक्क्यांच्या. आता तुम्हीच बघा, फायदा आहे, चांगला आहे, पण पथ्य नीट पाळलं तर दूध घेणाऱ्यांचा पण उतरला, आणि ८.६ मधून एक वजा केला तर ७.६ येतात, तिथे गोळी सुटत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या जेवणात तेल जवळजवळ नव्हतंच, आणि आपल्याकडे शेवभाजीच्या ताटलीवर बोटभर तर्री असल्याशिवाय माणूस घास तोडत नाही. शेवभाजी पूर्ण व्हीगन आहे ना ताई! बेसनाची शेव, मसाला, तेल, दुधाचा थेंब नाही. केळीचे वेफर्स व्हीगन, साखरेचा चहा दूध न घालता केला तर तोही व्हीगन. नुसतं दूध काढून हे सगळं खात राहिलं तर शुगर आहे तिथेच राहते, मी असे दोघेतिघे आमच्या ओळखीत बघितलेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे शुगर वाढते ती दुधाने कमी, भाकरी-पोळीच्या मापाने जास्त. १०० मिली दुधात साखर असते साधारण ५ ग्रॅम. आणि भाकरी? मी एकदा किचनचा काटा घेऊन माझ्या नेहमीच्या भाकरीचं पीठ तोललं. ९० ग्रॅम भरलं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६८-७० ग्रॅम कार्ब (पिष्ट, ज्याची पोटात साखर होते) असतात म्हणजे एका भाकरीत साठच्या वर, दोन खाल्ल्या तर सव्वाशे, वर भाताचा घास वेगळा, आणि मी मनात म्हणायचे मी तर फक्त ज्वारीच खाते, ती पण आपली दादर जातीची, शुगर कशी वाढते. तुम्ही पण उद्या मिस्टरांच्या भाकरीचं पीठ तोला, डोळ्याने बघितल्याशिवाय पटत नाही. माझी भाकरी आता ६० ग्रॅम पिठाची, एका जेवणाला एक. पोट भरतं ते डाळ आणि भाजीने.

खायचं काय याचं उत्तर तर आपल्या आज्यांनी देऊन ठेवलंय. कळण्याची भाकरी घ्या. लोक एक किलो ज्वारीला पाव किलो उडीद घालतात, मी अर्धा किलो घालते, काळे, सालासकट, थोडी मेथी आणि खडेमीठ, आणि गिरणीवाल्याला सांगते की गव्हावर दळू नको. उडदात प्रोटीन २२ टक्क्यांच्या आसपास आणि सालाचा चोथा भरपूर, त्यामुळे भाकरी पोटात सावकाश उतरते. फक्त थापताना किनार फाटते, पाणी चांगलं गरम घ्या आणि पीठ जास्त मळा. आणि कळण्याची आहे म्हणून तीन खायच्या असं मात्र नाही.

फुणके तर मला देवाने शुगरवाल्यांसाठीच दिलेत असं वाटतं. तूरडाळ, थोडी हरभऱ्याची डाळ भिजवायची, जाडसर वाटायची, त्यात लसूण, मिरची, कांद्याची पात किंवा मेथी अगदी मूठमूठ, मुटके करून चाळणीवर वाफवायचे. आपण कढीसोबत खातो, मी कढी सोडली आणि कच्चं तेल चमचाभर आणि ठेचा घेते, पूर्वी शेतात असेच खायचे ना. पाच-सहा फुणके, सोबत काकडी-कांदा आणि अर्धी भाकरी, दोन तासांनी माझी शुगर १४० च्या पुढे जात नाही, ही माझी मशीन सांगते, तुमच्या मिस्टरांची त्यांची मशीन सांगेल. भरीत आहे, त्यात शेंगदाणे आणि कांद्याची पात आहे, फक्त तेल पळीने नका ओतू. अंबाडीची भाजी, मटकी, चवळी, घोटलेली उडदाची डाळ, पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा तर्री काढून. यातल्या एकाही पदार्थाला व्हीगन करायला काही करावं लागत नाही. वरण-बट्टी मात्र लग्नाच्या पंगतीपुरती ठेवा, ती पण एक, तळलेली गव्हाची बट्टी म्हणजे तूप काढलं तरी शुगरला जड. केळीचं विचारलंय तुम्ही, आपल्याकडे घरोघरी घड येतो म्हणून. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कार्ब, तेव्हा अर्धं, फार पिकलेलं नको, आणि जेवणावर नको. रावेर-यावलकडचे पाहुणे डझनाने आणतात ते वाटून टाका.

ताटात आधी भाजी आणि डाळ, मग भाकरी, आणि जेवून दहा-पंधरा मिनिटं चाल. हे करून बघाच, याला काहीच खर्च नाही.

चहाचं सगळ्यात अवघड गेलं, खोटं का बोलू. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे रोज आठ चमचे साखर मी पीत होते आणि दोष दुधाला देत होते. आधी साखर निम्मी केली, मग बंद, चहातलं दूध त्यानंतर दोन महिन्यांनी सोडलं. आता आलं आणि गवती चहा घालून कोरा पिते. सोयाचं दूध आणायचं असेल तर डब्यावर साखर घातलेली नाही ना ते वाचा, गोड केलेलं आणलं तर सगळं वाया.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे व्हिडिओत शेवटी दोन सेकंद सांगतात. व्हिटॅमिन बी-१२, नसा आणि रक्तासाठी लागतं ते. हे झाडापाल्यात मिळत नाही, माळकरी माणसाला जे काही मिळतं ते दुधा-ताकातूनच, म्हणजे सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे, त्यांचं हसण्यावारी नेऊ नका. आणि वरून मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होतं. तुमच्या मिस्टरांना दोन्हीकडून फटका. मला तिसऱ्या वर्षी तळपायाला मुंग्या यायला लागल्या, रात्री चादर पायाला लागली तरी आग व्हायची, सगळे म्हणाले शुगरने नसा गेल्या, आता असंच राहायचं. मी पण मान्य करून बसले, चार महिने गेले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी बी-१२ तपासायला लावलं तर १३८ निघालं, २०० च्या खाली म्हणजे कमी. इंजेक्शनं झाली, मग गोळी, मुंग्या सत्तर टक्के गेल्या, उजव्या अंगठ्याच्या मात्र अजून आहेत कारण उशीर झाला. शुगरच्या मुंग्या आणि बी-१२ च्या मुंग्या अंगाला सारख्याच लागतात, तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून दूध सोडायच्या आधी एकदा तपासा, मग डॉक्टर सांगतील ती गोळी कायमची. स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) किंवा आंबवलेलं पीठ खाऊन बी-१२ मिळतं असं कोणी सांगेल, त्याच्या भरवशावर राहू नका.

त्याच वेळी हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि व्हिटॅमिन डी पण करून घ्या. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते, आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं असेल तर मी वर सांगितलेल्या डाळी-उडदाचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी, नाचणीच्या १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, मी आठवड्यातून तीनदा भाकरी नाचणीची करते, मापाचीच.

सासूबाईंशी भांडू नका. माझी आई ८१ ची, अजून म्हणते, दूध नई, तूप नई, मंग तू खाशी काय? मी तिच्यासमोर फुणक्याचं ताट ठेवते आणि ती पण खाते. घरात सगळ्यांचं दूध बंद करायची गरजच नाही, आणि खरं सांगू का, मिस्टरांना दूध सोडायचंच नसेल तर नका सोडायला लावू, बिनसाखरेचं एक वाटी ताक राहू द्या आणि बाकी सगळं वरचं करा, शुगर तरीही उतरेल. मी सोडलं ते सुरुवातीला शुगरसाठी, नंतर आमच्या गल्लीतल्या गोठ्यात वासरांचं जे बघितलं त्यासाठी, ते माझं कारण आहे, प्रत्येकाचं असेल असं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तर मी अर्धी वाटी आमरस कळण्याच्या भाकरीसोबत घेते, पुरणपोळीचा एक घास बिनतुपाचा, आणि त्या दिवशी सांजोरी (गोड सारणाची तळलेली पुरी) नाही. एक दिवस मनावर दगड ठेवून बसले तर दुसऱ्या दिवशी तिप्पट खाल्लं जातं.

आता शिफ्टचा डबा. रात्रपाळीला कॅन्टीनच्या पोह्यांवर सोडू नका. डब्यात फुणके, एक लहान भाकरी, मटकीची कोरडी उसळ, वेगळ्या पुडीत भाजलेले फुटाणे. आणि डॉक्टर ग्लिमेपिराइड बंद करेपर्यंत युनिफॉर्मच्या खिशात साखरेची पुडी, तीन चमच्यांची, रोज. सोबतच्या दोन माणसांना सांगून ठेवायचं की हा घामाघूम झाला, बोलताना अडखळला की आधी साखर द्या, पण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. पहिले पंधरा दिवस उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी अशी शुगर वहीत लिहा, समोर काय खाल्लं ते पण. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात की ते गोळीचं नीट ठरवू शकतात. बी-१२ चा रिपोर्ट आला की आकडा इथेच टाका, मी रोज रात्री नऊनंतर असते.