‘कविता चोरली’ आणि ‘कविता चोरीला गेली’

प्रश्न असा आहे: कोणाची कविता, चित्र किंवा गाणं न विचारता उतरवून घेतलं, तर त्याला ‘चोरी’ म्हणावं का? मूळ कृती तर तिच्या कर्त्याकडेच राहते.

हा आक्षेप ‘चोरीला जाणे’ या प्रयोगाला लागू पडतो. सायकल चोरीला गेली म्हणजे ती आता माझ्याकडे नाही. ‘माझी कविता चोरीला गेली’ म्हटलं, तर ऐकणारा आधी विचारेल, वही हरवली का? पण ‘त्याने माझी कविता चोरली’ हे वाक्य ऐकून कोणीच अडखळत नाही.

कारण मराठीतलं ‘चोरणे’ वस्तू नाहीशी होण्यावर अडून बसत नाही. चोरून ऐकलं म्हणून बोलणाऱ्याचे शब्द कमी होत नाहीत. अंग चोरून बसणारा काही पळवत नाही, चोरपावलांनी येणाराही नाही. चोरखिशातले पैसे तर आपलेच असतात. या सगळ्यांत आहे ती लपवाछपवी. संस्कृत कवी राजशेखराने सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘काव्यमीमांसा’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात हेच हेरलं होतं: चोर नाही असा कवी नाही, तसाच व्यापारीही नाही, ज्याला लपवता येतं तो निंदेवाचून सुखात राहतो. (शब्दांचं हरण आणि अर्थाचं हरण असे भेदही त्याने पाडले आहेत, आणि ते आजही उपयोगी आहेत.)

म्हणून कवीचं नाव खाली ठेवून, पण परवानगीवाचून कविता छापली, तर मी ‘प्रताधिकारभंग’ (कॉपीराइटचा भंग) म्हणतो. कवीचे पैसे बुडतात, कृत्य वाईटच. तरी ‘चोरी’ हा त्याचा नेमका शब्द नव्हे. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बेकायदा तबकड्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ साली, चोरीच्या मालाच्या ने-आणीचा कायदा इथे लागत नाही, असाच निकाल दिला.

नाव पुसलं की मात्र चोरी. ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द इथे वापरावा. मोबाइलवर फिरत आलेली कविता पाहा: कवीचं नाव कापलेलं आणि खाली नुसतं ‘साभार’. आभार कोणाचे? इथे कवीचं नाव खरोखरच चोरीला गेलेलं असतं, सायकलीइतकंच. याचा मला फार राग येतो.

एखादी ओळ किंवा कल्पना घेऊन वर आपली मखलाशी केली असेल, तर ‘उचलेगिरी’ पुरेसा आहे. मात्र अख्खी कविता घेऊन खाली ‘संग्रहित’ लिहिणाऱ्याला तो सौम्य शब्द लावू नये.