सातवी तार घ्यायची की नाही?

सात तारांची गिटार म्हणजे फक्त मेटलवाल्यांचं (जड रॉक वाजवणाऱ्यांचं) काम, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. जॅझवादक जॉर्ज व्हॅन एप्स १९३०च्या दशकाच्या अखेरीसच सात तारांवर वाजवत होते; ब्राझीलच्या शोरो या संगीतप्रकारात तर बासची (खालच्या सुरांची) सगळी धावपळ हीच गिटार सांभाळते. १९९० साली रॉक गिटारवादक स्टीव्ह वायची सात तारांची गिटार, आयबानेझ कंपनीची युनिव्हर्स, आली, पुढे कॉर्न या मेटल बँडमुळे जड आवाजाचा शिक्का बसला, एवढंच. माझ्या मते ती आता टिकणारच. आठ तारांच्या गिटारी आल्या तरी तिची जागा गेली नाही.

घेताना स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, बघ. २५.५ इंचावर खालची बी, म्हणजे सातवी तार, ढिली वाटली तर जाड तार लाव किंवा २६.५ इंचाची वाजवून बघ. आणि सातवी वाजवत नसशील तेव्हा ती उजव्या तळव्याने दाबून ठेव, नाहीतर ती घुमत राहते.