नायिकेच्या वडिलांना परदेशात कोणती नोकरी द्यावी?

आपल्या कादंबरीची नायिका १९७८ साली चिपळूण तालुक्यात जन्मली आहे, वडील दोन वर्षांतून एकदा घरी येतात, पैसे नियमित येतात आणि ती बारा वर्षांची असताना पैसे व पत्रे एकाएकी थांबतात, असे आपण लिहिले आहे. वडिलांसाठी लंडनमधील डॉक्टर, अमेरिकेतील शास्त्रज्ञ आणि दुबईतील व्यापारी हे तीन पर्याय आपण सुचवले आहेत. माझ्या मते तिन्ही बाजूला ठेवावेत. डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ बायकोमुलांना बरोबर का नेत नाही, हे वाचकाला पटवण्यातच आपली दोन प्रकरणे खर्ची पडतील. आणि व्यापारी स्वतःच्या मर्जीने येजा करू शकत असल्यामुळे त्याची गैरहजेरी सक्तीची न वाटता निष्काळजीपणाची वाटेल. (शिवाय ‘परदेशात व्यापार’ हे उत्तर बहुधा लेखकाने अजून काही ठरवले नसल्याची खूण असते.)

कोकणातल्या घराला शोभणारा पहिला पर्याय म्हणजे बोटीवरची नोकरी. डेकवरचा सारंग, इंजिनातला तेलवाला, स्वयंपाक करणारा भंडारी ही कामे तिथल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या केली आहेत. परंतु खलाशी एक करार संपवून पुढची बोट मिळेपर्यंत काही महिने घरीच असतो, आणि तो बोटीवर असताना पगाराचा ठरलेला भाग बहुतेक वेळा कंपनीमार्फत घरी पोहोचतो. त्यामुळे पैसे थांबले तर बायको मुंबईच्या कचेरीत जाऊन चौकशी करू शकते. आपल्याला हवी असलेली संपूर्ण शांतता इथे मिळणार नाही.

ती कुवेतमध्ये मिळते. वडिलांना तेल शुद्धीकरण कारखान्यातला वेल्डर किंवा पाइप फिटर करावे. अशा कामगाराचा पगार कुटुंबाला बोलावण्याइतका नसतो, राहणे कंपनीच्या कॅम्पमध्ये, पासपोर्ट बहुधा मालकाच्या ताब्यात आणि दीर्घ रजा करार संपल्यावरच. म्हणजे दोन वर्षांचे अंतर नोकरीतूनच येते, त्यासाठी वेगळे कारण शोधावे लागत नाही. त्या काळी गावी परतणाऱ्या माणसाच्या हाती पत्रांबरोबर ध्वनिमुद्रित कॅसेटही पाठवल्या जात. घरातल्या टू-इन-वनवर सगळ्यांनी मिळून कॅसेट ऐकायची आणि दुसरी बाजू लावताना आईने मुलांना अंगणात पिटाळायचे, असा प्रसंग आपल्या नायिकेच्या वयाला फार उपयोगी पडेल.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले. श्रावण चालू होता आणि गणपती तीन आठवड्यांवर आले होते, ही गोष्ट विसरू नये, कारण घरात गणपतीच्या खर्चाचा हिशेब त्याच सुमारास मांडला जात असणार. दूरध्वनी तुटले, बँकांचे व्यवहार ठप्प झाले आणि कुवेती दिनारात साठवलेली पुंजी पाहता पाहता निरुपयोगी झाली. बसने बसरा, बगदाद करत वाळवंटातून जॉर्डनला पोहोचायचे आणि तिथे छावणीत विमानाची वाट पाहायची, हा मार्ग असंख्य भारतीयांनी पत्करला. अम्मानहून लाखाहून अधिक लोकांना मुख्यतः एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आणले गेले. वडील त्यांपैकी एक असतील, तर घरच्यांनी कित्येक आठवडे काहीही न कळता काढलेले असतील.

दोन तपशील मात्र सांभाळावेत. वडिलांना मुंबईच्या सहार विमानतळावरून चिपळूणला आगगाडीने आणू नका. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ साली, तेव्हा ते एस.टी.च्या रातराणीनेच येतील. तसेच ते रिकाम्या हाताने आले म्हणून विषय तिथेच संपवू नये. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली नुकसानभरपाई आयोग नेमला, कुवेत सोडावे लागलेल्या कामगारांचे दावे त्याने स्वीकारले आणि पुढच्या काही वर्षांत रकमा टप्प्याटप्प्याने मिळाल्या. दाव्याचा अर्ज नायिकेलाच भरायला लावावा: वडील कुवेतमध्ये नेमके काय काम करत होते, कुठे राहत होते आणि काय मागे टाकून आले, हे तिला त्या रकान्यांसाठी प्रथमच विचारावे लागेल.