पहिल्यांदा ऑर्किड बघायला आंबोलीला चाललायस ना?

मग जूनमध्येच जा, सीतेची वेणी ही ऑर्किड तेव्हा फुललेली असते, गुलाबी ठिपक्यांचा झुबका फांदीवरून लोंबतो. फुलं नसतील तर पानांची टोकं बघ, कुणी कुरतडल्यासारखी दिसतात. आणि बांडगूळ म्हणू नकोस रे तिला, झाडाचा रस बिलकुल पीत नाही, नुसती बसायला जागा घेते.

औषधाचं म्हणशील तर अष्टवर्गातल्या, म्हणजे आयुर्वेदातल्या आठ औषधी वनस्पतींच्या गटातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी या चारही ऑर्किडच मानतात, पण त्या हिमालयातल्या. वांदा नावाची ऑर्किड काही भागात रास्ना ही आयुर्वेदिक वनस्पती म्हणून सांधेदुखीला देतात, खरी रास्ना कुठली यावर वैद्यांचंच एकमत नाही. त्यामुळे यूट्यूब बघून काढे बिढे करू नकोस. उपटायचं तर नावच नको, यांचं बी धुळीसारखं बारीक, आत अन्नाचा साठाच नाही, योग्य बुरशी भेटली तरच रुजतं.

मी एकदा वादळात पडलेल्या फांदीवरची ऑर्किड घरी आणून कुंडीत मातीत लावली, पंधरा दिवसात मुळं कुजली, मुळांना हवा लागते हे तेव्हा कुठे माहीत होतं! दुर्बीण घे, बरीचशी उंचावर असतात, आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी.