बायॉस चिप बदलायच्या आधी

मित्रा, कॉम्प्युटरचा पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, एवढ्यावरून बायॉस चिप (मदरबोर्डवरची, कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम साठवणारी) गेली असं ठरवू नकोस. आधी रॅम काढून पुन्हा बसव, मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल मोज. तो ३ व्होल्टच्या बराच खाली असेल तर बदल.

तरीही जमलं नाही तर चिपवरचा नंबर भिंगातून वाच. २५क्यू६४ म्हणजे ८ एमबी, २५क्यू१२८ म्हणजे १६. पुढची अक्षरंही सोडू नकोस, चिप किती व्होल्टची ते त्यांवरून कळतं. काही चिप ३.३ व्होल्टच्या, काही १.८ च्या. इथेच नवखे चिप जाळतात. स्वस्तातल्या काळ्या सीएच३४१ए प्रोग्रामरच्या (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्राच्या) डेटा पिनांवर ५ व्होल्ट येऊ शकतात, मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडूच नकोस.

जुनी चिप वाचता येत असेल तर दोनदा वाच आणि दोन्ही फाइली जुळतात का बघ. बऱ्याच बोर्डांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, त्यातच असतो. मी एकदा ही फाइल ठेवली नव्हती, फार जिवाला लागलं.

नाशकात नेमका नंबर मिळाला नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागव, जवळपासच्या नंबरवर भागवू नकोस. कोरी चिप बसवून बोर्ड उठत नाही. आधी तिच्यात बायॉसची फाइल भर, व्हेरिफाय कर (नीट लिहिली गेली का ते ताडून बघ), मग ठिपका बघून एक नंबरची पिन जुळव. पहिला डाग देताना अडलास तर बोर्ड घेऊन ये, शेजारी बसून करू.