प्रोटेक्शन, पण नक्की कोणाला?

प्रश्न : लोनच्या कागदात 'लोन प्रोटेक्शन', फंडाच्या जाहिरातीत 'कॅपिटल प्रोटेक्शन', आणि बातम्यांमध्ये उद्योगांसाठी 'सेफगार्ड ड्युटी'. हे सगळं एकाच जातीचं का? आणि अँटी डंपिंग म्हणजे पण तेच का?

उत्तर : नाही हो, नाव सारखं असलं तरी प्रत्येक ठिकाणी संरक्षण कोणाला मिळतं आणि पैसे कोणाच्या खिशातून जातात ते वेगळं आहे.

लोन प्रोटेक्शन म्हणजे विमाच. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटतं, म्हणजे पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात, घरच्यांच्या डोक्यावरचा बोजा उतरतो पण हातात फारसं काही येत नाही. गोम अशी की बऱ्याचदा एकरकमी प्रीमियम लोनमध्येच मिळवतात, मग त्या प्रीमियमवरही तुम्ही व्याज भरत बसता, आणि कव्हर मात्र साधारण कर्जाबरोबर कमी होत जातं. नोकरी गेली तर हप्ते कोणी भरेल असं धरून चालू नका, तसं पॉलिसीत लिहिलेलं असेल तरच. पुरेशी टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीचा साधा आयुर्विमा) आधीच असेल तर मी तरी हे घेणार नाही.

कॅपिटल प्रोटेक्शनची आयडिया सोपी आहे, १०० मधले समजा ८० बाँडमध्ये टाकायचे, मुदत संपेपर्यंत व्याजासकट त्यांचे १०० व्हावेत असे, आणि २० शेअर किंवा ऑप्शनमध्ये (शेअरच्या भावावरचे जोखमीचे सौदे). ते २० बुडाले तरी मुद्दल परत. पण मधेच बाहेर पडलात किंवा बाँडवालाच बुडाला तर काय? आणि महागाईने १०० ची किंमत घटते ती वेगळीच. प्रोटेक्शन म्हणजे गॅरंटी नव्हे.

आता उद्योग. परदेशी कंपनी तिच्या स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात बाहेर माल विकते आणि त्याने इथल्या उद्योगाचं नुकसान होतं, तेव्हा अँटी डंपिंग ड्युटी, म्हणजे आयातीवरचा जादा कर. ती ठरावीक देशांच्या मालावर लागते, जागतिक व्यापार संघटनेच्या नियमाने ५ वर्षं, पुढे फेरतपासणी करून वाढवता येते. सेफगार्डला कोणी लबाडी केलेली असायची गरजच नाही, आयात अचानक वाढून गंभीर नुकसान झालं की पुरे, म्हणून ती साधारण सगळ्याच देशांच्या मालावर, आधी ४ आणि वाढवून एकूण ८ वर्षं, विकसनशील देशांना १०. परदेशी सरकारच्या सबसिडीने माल स्वस्त झाला असेल तर तिसरीच, काउंटरवेलिंग ड्युटी.

आणि ड्युटी भरतो आयातदार, पण ती शेवटी येते गिऱ्हाइकावर. स्टीलवर लावली की स्टील बनवणारा खूश, तेच स्टील विकत घेऊन मशीन बनवणारा रडतो, आणि तोही उद्योगच ना.